पाटी आणि दुकान

संगणकावरची फाइल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे रोजच्या वापरात जाणवत नाही. नावावर टिचकी मारली की मजकूर उघडतो आणि दोन्हींमधला सांधा कुठेच दिसत नाही. युनिक्समध्ये आणि तिच्या परंपरेतील लिनक्स, मॅकओएस यांसारख्या कार्यप्रणालींमध्ये हा सांधा मुद्दामच मोकळा ठेवलेला आहे. फाइलचा प्रकार, मालक, परवानग्या, आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि मजकूर डिस्कवर नेमका कोठे आहे ही सारी माहिती एका क्रमांकित नोंदीत असते, तिला आयनोड म्हणतात. नाव या नोंदीत नसते. ते डिरेक्टरीत असते, आणि डिरेक्टरी म्हणजे नाव व आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. त्यामुळे एकाच आयनोडला दोन नावे देता येतात, घरी बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण असावे तशी. या दुसऱ्या नावाला हार्ड लिंक म्हणतात. दोन्ही नावे सारख्याच हक्काची असतात. एक मूळ आणि दुसरे नक्कल असा भेद त्यांत करता येत नाही, आणि शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत, किंवा उघडलेली फाइल वापरणारा शेवटचा प्रोग्राम ती सोडेपर्यंत, मजकूर जिवंत राहतो.

हार्ड लिंकला मात्र दोन मर्यादा आहेत. आयनोड क्रमांक एका फाइल सिस्टिमपुरताच अर्थपूर्ण असल्यामुळे एका डिस्कवरील डिरेक्टरीतून दुसऱ्या डिस्कवरील फाइलला नाव देता येत नाही, आणि डिरेक्टरीलाच दुसरे नाव दिल्यास झाडासारख्या रचनेत वेटोळी पडण्याचा धोका असल्यामुळे ती मुभा सर्वसाधारणपणे कोणालाच नसते. सिंबॉलिक लिंक, म्हणजे या व्यवसायातल्या बोलीत सिमलिंक, या दोन्ही अडचणींतून वाट काढते. तिला स्वतःचा वेगळा आयनोड असतो, त्यावर 'ही लिंक आहे' असा प्रकार नोंदलेला असतो, आणि तिच्या पोटात दुसऱ्या एखाद्या ठिकाणाचा पत्ता, म्हणजे पाथ, निव्वळ मजकूर म्हणून लिहिलेला असतो. बंद शटरवर 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे' अशी पाटी लावावी, किंवा ज्ञानकोशात एका शब्दाखाली काहीही न लिहिता केवळ दुसरा शब्द 'पहा' एवढेच छापावे, तसाच हा प्रकार आहे. मागच्या गल्लीतले दुकान उद्या बंद झाले तरी पाटी जागच्या जागी राहते, आणि सिमलिंकबाबतही तसेच घडते. नावावरून नावाकडे नेणारे असे दुवे १९६० च्या दशकात आकाराला आलेल्या मल्टिक्स या प्रणालीत होते. युनिक्सच्या वापरकर्त्यांमध्ये ते रुळले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीपासून.

याचे एक उदाहरण जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर सापडते. 'ईटीसी' या डिरेक्टरीत 'लोकलटाइम' नावाची एक वस्तू असते आणि यंत्राने कोणत्या प्रदेशाची प्रमाणवेळ पाळायची हे तिच्यावरून ठरते. भारतीय वेळ लावलेल्या यंत्रावर ती बहुधा '/यूएसआर/शेअर/झोनइन्फो/एशिया/कोलकाता' या पाथकडे जाणारी सिमलिंक असते. 'एलएस' या आज्ञेने सविस्तर यादी मागितली की त्या ओळीच्या आरंभी 'एल' हे अक्षर दिसते, नावापुढे बाण काढून पत्ता लिहिलेला असतो, आणि आकाराच्या रकान्यात ३२ हा आकडा येतो. हा आकडा वेळेची माहिती साठवणाऱ्या फाइलचा नव्हे. वरचा पाथ रोमन लिपीत लिहून तिरक्या रेघांसकट अक्षरे मोजली तर ती बरोबर ३२ भरतात. पत्ता मुळापासून न लिहिता 'एक पायरी वर जा' असे सांगणाऱ्या दोन टिंबांनी सुरू केलेला असेल तर आकडा ३४ होतो. पाटीचे वजन म्हणजे पाटीवरच्या अक्षरांचे वजन, असा हा सरळ हिशेब आहे. लिनक्सवर प्रचलित असलेल्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये तर ६० बाइटांपेक्षा लहान पत्ता आयनोडच्याच मोकळ्या जागेत मावतो आणि त्यासाठी डिस्कचा वेगळा ठोकळा खर्चही पडत नाही.

लोकलटाइमच्या जागी कोलकाता या फाइलची प्रत ठेवली तर घड्याळ बिनचूक चालते. तरीही लिनक्सवरील सेवा सांभाळणारी सिस्टिमडी ही व्यवस्था लोकलटाइम सिमलिंकच असावी असा आग्रह धरते, कारण प्रदेशाचे नाव ती मजकुरातून नव्हे, पाटीवरच्या पत्त्यातून वाचते. प्रत ठेवल्यास वेळ बरोबर सांगितली जाते, पण ती कोणत्या गावची हे विचारल्यावर उत्तर मिळत नाही. एखादी वस्तू सिमलिंक आहे की नाही या प्रश्नाला प्रत्यक्ष व्यवहारात अर्थ कसा येतो, ते इथे स्पष्ट दिसते.

हा प्रश्न कार्यप्रणालीला विचारण्याचे मार्ग दोन आहेत. 'स्टॅट' या सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे, कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, केलेल्या विनंतीला, एखादे नाव दिले की कर्नल पाटी वाचून पुढे जातो, तिथेही पाटी असल्यास तीही वाचतो, आणि अखेर जी खरी फाइल किंवा डिरेक्टरी हाती लागते तिची माहिती परत करतो. लिनक्समध्ये अशा ४० पाट्यांनंतर पाठलाग सोडून चूक कळवली जाते, नाहीतर परस्परांकडे बोट दाखवणाऱ्या दोन लिंक यंत्राला अखंड फिरवत ठेवतील. 'एलस्टॅट' हा दुसरा कॉल शेवटच्या नावापाशी थांबतो आणि त्या जागी पाटी असेल तर पाटीचीच माहिती देतो. स्टॅटच्या उत्तरात सिमलिंक कधीच दिसू शकत नाही, कारण ती ओलांडूनच तो पुढे गेलेला असतो. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत नवखे लोक नेमके इथेच अडखळतात: स्टॅटने आणलेल्या माहितीला 'इज-सिंबॉलिक-लिंक' असे विचारले की उत्तर दर वेळी नकारार्थी येते, आणि दोष लिंकला दिला जातो.

वेबसाठी लिहिल्या जाणाऱ्या भाषांमध्ये पीएचपी ही रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेली भाषा या विषयाच्या अभ्यासाला सर्वांत सोयीची आहे, कारण युनिक्सचे सिस्टिम कॉल तिने फारसा मुलामा न चढवता फंक्शन म्हणून उपलब्ध करून दिले आहेत. तिच्या 'इज_लिंक' या फंक्शनला पाथ द्यावा, त्या जागी सिमलिंक असल्यास होकार आणि एरवी नकार मिळतो. आत एलस्टॅटच काम करतो. एलस्टॅटने आणलेल्या माहितीतील 'मोड' हा आकडा हाताने उलगडूनही तेच समजते. लिनक्सवर सिमलिंकचा मोड अष्टमान पद्धतीत १२०७७७, म्हणजे दशमान ४१४७१ असतो. त्यातले १२०००० लिंक असल्याची खूण आणि ७७७ ही सर्वांना सर्व मुभा असल्याची खूण. या मुभेला काही किंमत नाही, कारण वाचता-लिहिता येईल की नाही हे गंतव्य फाइलच्या परवानग्यांवर ठरते.

इज_लिंकच्या शेजारची 'इज_फाइल', 'इज_डिर' आणि 'फाइल_एक्झिस्ट्स' ही फंक्शने मात्र स्टॅटच्या वाटेने जातात, आणि बहुतेक गोंधळ या शेजारातूनच उपजतो. छायाचित्राच्या फाइलकडे नेणाऱ्या लिंकबाबत इज_लिंकही होकार देते आणि इज_फाइलही. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असतात. गंतव्य नाहीसे झालेल्या, म्हणजे तुटक्या, लिंकबाबत इज_लिंक होकार देते आणि फाइल_एक्झिस्ट्स नकार देते. हा विसंवादच तुटकी लिंक शोधण्याची सर्वांत सोपी रीत आहे. पण ज्याला तो ठाऊक नसतो, त्याची स्क्रिप्ट 'इथे काहीच नाही' असे समजून त्याच नावाची नवी लिंक करायला जाते आणि ते नाव आधीच घेतलेले असल्यामुळे तोंडघशी पडते. फाइल_एक्झिस्ट्स हे नाव त्या अर्थाने फसवे आहे; ते नावाच्या अस्तित्वाबद्दल बोलत नाही, नावाच्या टोकाशी असलेल्या वस्तूबद्दल बोलते. पायथनने हा घोळ ओळखून दोन प्रश्नांसाठी 'एक्झिस्ट्स' आणि 'लेक्झिस्ट्स' अशी दोन फंक्शने ठेवली. पीएचपीमध्ये दुसऱ्या प्रश्नासाठी दोन तपासण्या जोडाव्या लागतात.

इज_लिंकच्या उत्तराची व्याप्तीही ध्यानात घ्यायला हवी, कारण ते केवळ पाथच्या शेवटच्या घटकाविषयी असते. 'सार्वजनिक/चित्रे/गणपती' या पाथमध्ये 'चित्रे' ही डिरेक्टरी स्वतःच सिमलिंक असून 'गणपती' ही साधी फाइल असेल, तर इज_लिंकचे उत्तर नकारार्थी येते. मधल्या पाट्या कर्नल मुकाट्याने ओलांडतो. एलस्टॅटला दिलेल्या पाथच्या शेवटी तिरकी रेघ ठेवली तर लिनक्सचा कर्नल 'आतली डिरेक्टरी हवी' असा अर्थ लावून शेवटची पाटीही ओलांडतो, त्यामुळे एका रेघेने उत्तर पालटू शकते. अपलोड केलेली फाइल ठरवून दिलेल्या आवाराबाहेर जात नाही ना, ही शंका असेल तर इज_लिंकचा उपयोग नाही. तिथे 'रिअलपाथ' या फंक्शनने सर्व पाट्या सोडवून अंतिम पत्ता मिळवावा आणि तो अपेक्षित डिरेक्टरीच्या पत्त्याने, शेवटच्या तिरक्या रेघेसकट, सुरू होतो का ते पाहावे. रेघ वगळल्यास 'चित्रे' या नावाशी 'चित्रे-जुनी' हेही जुळून जाते. पाटीवर लिहिलेला पत्ता जसाच्या तसा हवा असेल तर 'रीडलिंक' आहे, मात्र तिथे मिळालेला सापेक्ष पत्ता स्क्रिप्ट चालते त्या जागेपासून न मोजता लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून मोजायचा असतो.

पीएचपीची स्मरणशक्ती हा आणखी एक अडथळा आहे. एकाच फाइलविषयी वारंवार डिस्कला विचारावे लागू नये म्हणून ती शेवटच्या तपासणीचे उत्तर जवळ ठेवते. स्क्रिप्टने स्वतः 'अनलिंक' या फंक्शनने फाइल पुसली तर हा साठा आपोआप रिकामा होतो, पण तीच फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने बदलली तर जुनेच उत्तर मिळत राहते, आणि तेव्हा 'क्लिअरस्टॅटकॅश' या फंक्शनने साठा पुसावा लागतो. वेब पानासाठी आलेली विनंती संपली की हे उत्तर विसरले जात असल्यामुळे त्याचा त्रास मुख्यतः दीर्घकाळ चालणाऱ्या स्क्रिप्टना होतो. रिअलपाथचा साठा याहून चिवट आहे. सोडवलेले पाथ तो एका विनंतीनंतर दुसऱ्या विनंतीतही जपतो आणि मूळ मांडणीत ही मुदत १२० सेकंद असते.

या १२० सेकंदांचा अनुभव संकेतस्थळाची नवी आवृत्ती चढवताना येतो. कॅपिस्ट्रानो या रूबी भाषेतील साधनाने रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक आवृत्ती 'रिलीजेस' या डिरेक्टरीत तारीख-वेळेच्या चौदा आकडी नावाखाली ठेवली जाते, आणि 'करंट' नावाची सिमलिंक चालू आवृत्तीकडे बोट दाखवते. नवी आवृत्ती पूर्ण मांडून झाली की वेगळ्या नावाची नवी लिंक करून ती 'रीनेम'ने करंटवर बसवली जाते. रीनेम अखंड क्रिया असल्यामुळे अर्धवट स्थिती कोणाच्याही नजरेस पडत नाही. डिस्कवर बदल असा क्षणात होतो, परंतु पीएचपीच्या प्रत्येक कामकरी प्रोसेसच्या स्मरणात करंटचा जुना अर्थ आपापल्या मुदतीपर्यंत राहतो, म्हणून त्या दोन मिनिटांत एका पाहुण्याला नवे पान आणि दुसऱ्याला जुने पान दिसते. एनजिन्क्स या सर्व्हरमध्ये यावर चांगला तोडगा आहे: पीएचपीला करंटचा पाथ देण्याऐवजी 'रिअलपाथ रूट' या चलातून सोडवलेला पाथ दिला की जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती पीएचपीच्या दृष्टीने दोन निराळ्या जागा ठरतात.

विंडोजच्या बाबतीत थोडक्यात एवढेच पुरे की तेथील शॉर्टकट, ज्याच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, ही साधी फाइल असून तिचा अर्थ विंडोजचे शेल लावते. इज_लिंक तिच्याबद्दल नकारच देते. खऱ्या सिमलिंक विंडोजमध्ये व्हिस्टापासून आल्या आणि त्या तयार करण्यासाठी प्रशासकाचे अधिकार किंवा पुढे विंडोज १० मध्ये आलेला डेव्हलपर मोड लागतो.

इज_लिंकची सर्वांत मोठी कामगिरी पुसण्याच्या कामात दिसते. वर वर्णन केलेल्या रिलीजेस आणि करंटच्या मांडणीत पाहुण्यांनी चढवलेली छायाचित्रे प्रत्येक आवृत्तीत वेगळी ठेवत नाहीत. ती 'शेअर्ड' या एकाच डिरेक्टरीत असतात आणि प्रत्येक आवृत्तीत तिच्याकडे नेणारी 'अपलोड्स' नावाची सिमलिंक असते. आता जुन्या आवृत्त्या हटवण्यासाठी एखाद्याने पीएचपीत स्वतःचे फंक्शन लिहिले: डिरेक्टरीतील प्रत्येक वस्तू पाहावी, इज_डिरने होकार दिल्यास तिच्या आत शिरून सारे पुसावे, एरवी ती फाइल समजून अनलिंक करावी. चाचणीत हे फंक्शन निर्दोष चालते, कारण चाचणीच्या डिरेक्टरीत सिमलिंक नसते. खऱ्या सर्व्हरवर ते सहा महिन्यांपूर्वीच्या आवृत्तीत जाते, 'अपलोड्स'पाशी पोचते, इज_डिर पाटी ओलांडून डिरेक्टरी असल्याचे सांगते, आणि फंक्शन आत शिरून संकेतस्थळ आजही दाखवत असलेली एकूण एक छायाचित्रे पुसून टाकते. गंमत म्हणजे त्यानंतर 'आरएमडिर' हे फंक्शन त्या लिंकवर अपयशी ठरते, कारण लिनक्सच्या लेखी ती डिरेक्टरी नव्हेच. म्हणजे सर्व नुकसान होऊन गेल्यावर पहिली चूक पडद्यावर येते. उपाय एका ओळीचा आहे. इज_डिर विचारण्याआधी इज_लिंक विचारावे आणि होकार आल्यास अनलिंक करून पुढच्या वस्तूकडे वळावे. अनलिंक नेहमी पाटीच काढते, दुकानाला हात लावत नाही. प्रश्न तेच दोन आहेत, फरक केवळ क्रमाचा आहे.

हा क्रम पाळून लिहिलेले फंक्शनही एका गृहीतावर उभे असते: विचारणे आणि कृती करणे यांच्या मधल्या क्षणात त्या जागी दुसरे कोणी काही बदलणार नाही. स्वतःच्याच ताब्यातील जुन्या आवृत्तीच्या डिरेक्टरीत हे गृहीत रास्त असते. जिथे अनेकांना लिहिण्याची मुभा आहे अशा ठिकाणी, उदाहरणार्थ सर्वांच्या तात्पुरत्या फाइली ठेवण्याच्या 'टेम्प' डिरेक्टरीत, ते कोलमडते. स्क्रिप्ट इज_लिंक विचारते, साधी फाइल असल्याचे उत्तर घेते, आणि पुढची ओळ चालण्यापूर्वी त्याच यंत्रावरचा दुसरा वापरकर्ता ती फाइल हटवून तिथे एखाद्या महत्त्वाच्या फाइलकडे नेणारी लिंक ठेवतो. मग स्क्रिप्ट आपल्या अधिकारांनी त्या महत्त्वाच्या फाइलवर लिहिते. तपासणीचा क्षण आणि वापराचा क्षण यांतल्या या शर्यतीवर मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. अपाची सर्व्हरमध्ये लिंक आणि गंतव्य यांचा मालक एकच असेल तरच पुढे जाण्याची सोय आहे, पण अपाचीची स्वतःचीच माहितीपत्रे याच शर्यतीचे कारण देऊन सांगतात की तिला सुरक्षेचा बंदोबस्त मानू नये. जानेवारी २०२२ मध्ये रस्ट या सुरक्षिततेसाठी वाखाणल्या गेलेल्या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील संपूर्ण डिरेक्टरी पुसणाऱ्या फंक्शनमध्येही हाच दोष सापडला आणि १.५८.१ या आवृत्तीत तो दुरुस्त करावा लागला. लिंक आहे का याची तपासणी तिथे होती, परंतु तपासून झाल्यावर आत शिरेपर्यंत फट राहत होती.

लिनक्सने या फटीवर खालून बंदोबस्त केला आहे. फाइल उघडतानाच 'शेवटी लिंक असल्यास उघडू नये' असे कर्नलला बजावता येते, आणि २०१२ च्या ३.६ या आवृत्तीपासून टेम्पसारख्या सामायिक डिरेक्टरीत परक्याने ठेवलेल्या लिंकमागे न जाण्याचे संरक्षण कर्नलमध्ये आले. पीएचपीच्या 'एफओपन'मध्ये लिंक नाकारण्याची ही सोय नाही. नवी फाइल करायची असेल तेव्हा 'एक्स' या पद्धतीने उघडणे हाच खरा मार्ग आहे, कारण त्या नावाने काहीही, तुटकी लिंकसुद्धा, आधीपासून असेल तर कर्नल उघडायलाच नकार देतो आणि तपासणी व निर्मिती एकाच क्रियेत होतात. अस्तित्वात असलेली फाइल वाचायची असेल तर आधी एलस्टॅटने नावापाशी असलेल्या वस्तूचा उपकरण क्रमांक आणि आयनोड क्रमांक टिपावा व ती लिंक नसल्याची खात्री करावी, नंतर फाइल उघडावी, आणि उघडलेल्या फाइलवर 'एफस्टॅट' चालवून तेच दोन आकडे पुन्हा पाहावेत. एफस्टॅट नावाकडे पाहतच नाही, हातात आलेल्या फाइलचीच माहिती सांगतो, त्यामुळे आकडे वेगळे निघाले तर मधल्या क्षणात पाटी बदलली असे समजून एकही अक्षर न वाचता फाइल बंद करावी.